अक्षरांना रंग दिसणे: सिनेस्थेशिया पूर्वीच्या काळी कसा समजला गेला?

अक्षरवेल (धागाकर्ती)

मला अक्षरे रंगीत दिसतात. कागदावरची शाई काळीच असते हे मला नीट कळते. तरीही ‘ध’ म्हटला की ओल्या विटेचा तांबूस रंग आणि ‘म’ म्हटला की ताकाचा पांढरा रंग आपोआप मनात उमटतो, आणि आठवते तेव्हापासून हे रंग बदललेले नाहीत. शाळेत असताना एका मैत्रिणीला मी सहज म्हणाले होते की तुझ्या नावाचा रंग हळदीसारखा आहे. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर कित्येक वर्षे मी हा विषय कुणाजवळ काढला नाही.

या अनुभवाला सिनेस्थेशिया म्हणतात: एका इंद्रियाची संवेदना जागी होताच तिच्याबरोबर दुसऱ्या इंद्रियाची संवेदनाही, माणसाने काहीही न करता, जागी होणे. आजच्या मोजणीप्रमाणे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तो सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. म्हणजे तो पूर्वीही असणार. मग पूर्वीच्या लोकांनी त्याचे काय केले, हा प्रश्न मला गेली काही वर्षे सोडत नाही, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

या विषयावर वाचायला मिळणारे बहुतेक लेख ॲरिस्टॉटलपासून सुरू होतात, इंग्रज तत्त्वज्ञ लॉक आणि शास्त्रज्ञ न्यूटन यांच्यावरून पुढे येतात आणि जणू सगळे एकाच गोष्टीविषयी बोलत होते अशी सरळ रेघ ओढतात. मला ही रेघ मान्य नाही. ॲरिस्टॉटलने रंगांची तुलना स्वरांशी केली हे खरे आहे. काळ्यापांढऱ्याच्या साध्या प्रमाणांतून जांभळ्यासारखे सुखद रंग तयार होत असावेत, जसे साध्या प्रमाणांतून सुसंवादी स्वर तयार होतात, असा त्याचा तर्क होता. परंतु हा रंगांच्या घडणीविषयीचा तर्क आहे, स्वर ऐकताना कुणाला रंग दिसला याची नोंद नव्हे.

जॉन लॉक यांचे उदाहरण तर फारच गैरसमजाने वापरले जाते. मानवी आकलनावरच्या १६९० च्या ग्रंथात त्यांनी एका अभ्यासू अंध माणसाची गोष्ट सांगितली आहे. शेंदरी रंग म्हणजे काय ते आपल्याला आता समजले, असे तो एके दिवशी अभिमानाने म्हणाला. कसा असतो असे विचारल्यावर उत्तर मिळाले, तुतारीच्या आवाजासारखा. अनेकांनी या माणसाला इतिहासातला पहिला सिनेस्थेट ठरवून टाकले आहे. लॉक यांचा मुद्दा मात्र नेमका उलटा होता. ज्याच्याकडे ते इंद्रियच नाही, त्याला शब्दांनी आणि व्याख्यांनी रंग समजावता येत नाही, हे दाखवण्यासाठी ती गोष्ट आली आहे. त्या माणसाला काहीही दिसत नव्हते. तो उपमा शोधत होता.

न्यूटन यांनी १७०४ च्या प्रकाशविषयक ग्रंथात वर्णपटाचे सात भाग पाडले आणि त्यांच्या रुंदीचे प्रमाण सप्तकातील अंतरांशी जुळवले. सात हा आकडा त्यांना स्वरांमुळे हवा होता. फ्रान्समधील जेझुइट पाद्री लुई बेर्त्राँ कास्तेल यांनी १७२५ पासून ‘डोळ्यांसाठी हार्प्सिकॉर्ड’ (हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोसारखे पट्ट्यांचे जुने वाद्य) अशा वाद्याची कल्पना मांडली: पट्टी दाबली की स्वराऐवजी रंग प्रकट व्हावा. ‘दो’ हा पाश्चात्त्य सप्तकातला पहिला स्वर त्यांनी निळा ठरवला. ‘ठरवला’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण निळा हा पायाभूत रंग आहे या सिद्धांतावरून त्यांनी तो काढला. ‘दो’ ऐकताना त्यांना निळे दिसत होते म्हणून नव्हे.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘सर्वांसाठी एक’ असे रंग ठरवणाऱ्या या व्यवस्था आणि एकेका माणसाला न मागता दिसणारे रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सिनेस्थेशिया समजून घेण्याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या दोन गोष्टींच्या घोटाळ्याचा इतिहास आहे. आपल्याकडच्या परंपरेविषयी जाणकारांनी लिहावे.

गोदाकाठ

धागा फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही, देवगिरीला गेले की पुरे.

यादव राजा सिंघण याच्या दरबारी हिशेबाचे खाते सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या पहिल्या अध्यायात सात स्वरांचे रंग दिले आहेत: षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गांधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद कर्बुर, म्हणजे चित्रविचित्र रंगांचा. हे वाचून पुष्कळ जण हरखून जातात आणि शार्ङ्गदेवाला सिनेस्थेशिया असावा असे लिहून मोकळे होतात. परंतु ‘नारदीय शिक्षा’ या त्याच्याहून बऱ्याच जुन्या ग्रंथात हीच यादी जवळजवळ जशीच्या तशी आहे: षड्ज कमळाच्या पाकळीचा, ऋषभ पोपटासारखा पिंगट, गांधार कनकाभ, मध्यम कुंदासारखा, पंचम कृष्ण, धैवत पीत. निषाद तेवढा तिथे ‘सर्ववर्ण’ आहे आणि इथे ‘कर्बुर’. इतके साम्य दोन माणसांच्या डोळ्यांतून येत नाही, पाठांतरातून येते.

शिवाय शार्ङ्गदेव रंगांवर थांबत नाही. प्रत्येक स्वराला तो कुळ, जात, द्वीप, ऋषी, देवता, छंद आणि रस असे सारे काही देतो. रंग हा त्या तक्त्यातला एक रकाना आहे. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायातले रसांचे रंगही याच जातीचे आहेत: शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण पारव्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. तिथेही रंगापाठोपाठ लगेच देवता येतात. विश्वातल्या सगळ्या गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत ही श्रद्धा या याद्यांच्या मुळाशी आहे, आणि ती स्वतंत्रपणे आदराने समजून घ्यावी अशी गोष्ट आहे.

मंद्रसप्तक

गोदाकाठ, तुमचे म्हणणे पटते, तरी एक शंका राहते. यादी पाठांतराने पुढे आली हे कबूल. पण साखळीच्या अगदी सुरुवातीला कुणीतरी पहिला माणूस असणारच. त्याला गांधार खरोखरच सोन्याचा दिसला असेल, आणि शिष्यांनी तो रंग शास्त्र म्हणून स्वीकारला असेल, हे अशक्य का मानायचे? आपल्या भाषेकडेही पाहा. ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि ‘वर्ण’ म्हणजेच अक्षर. ‘राग’ हा शब्द रंगवणे या अर्थाच्या ‘रञ्ज्’ धातूवरून आला आहे. ज्या लोकांनी अक्षराला आणि रंगाला एकच शब्द दिला, त्यांना यातले काहीच जाणवले नव्हते असे म्हणणे मला जड जाते.

अक्षरवेल (धागाकर्ती)

मंद्रसप्तक, अशक्य मी म्हणणार नाही. परंतु एक खूण सांगते, ती माझ्या स्वतःच्या अनुभवातली आहे. माझ्या यादीत खड्डे आहेत. ‘ळ’ला रंगच नाही. ‘ष’ आणि ‘श’ यांच्यात इतका सूक्ष्म फरक आहे की तो सांगताना शब्द अपुरे पडतात. दोन्ही राखाडी, पण एक पावसाआधीच्या ढगाचा आणि दुसरा चुलीतल्या राखेचा. सातच्या सात रकाने भरलेली, प्रत्येक रंगाला एकेक सुबक उपमा असलेली यादी पाहिली की मला तिथे अनुभवापेक्षा रचनाकाराचा हात अधिक जाणवतो.

‘वर्ण’ या शब्दाचा मोह मलाही खूप दिवस होता. पण ग्रीक भाषेतही ‘क्रोमा’ म्हणजे रंग हा शब्द संगीतातल्या एका स्वरप्रकारासाठी वापरला जात होता, आणि आवाजाला ‘तीक्ष्ण’ किंवा ‘जड’ म्हणणे ही स्पर्शावरून घेतलेली उपमा आहे असे ॲरिस्टॉटलने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. आपण रोज ‘गोड गळा’ म्हणतो, ‘भडक रंग’ म्हणतो, ‘कडू बोल’ म्हणतो. इंद्रियांची नावे एकमेकांना उसनी देणे हा सगळ्या भाषांचा स्वभाव आहे आणि त्यासाठी सिनेस्थेशिया असावा लागत नाही.

तर्कपाद

भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा थेट विचार झाला आहे, पण तो संगीतग्रंथांत नव्हे, न्यायात, म्हणजे तर्क आणि ज्ञान यांचा विचार करणाऱ्या दर्शनात. प्रत्येक इंद्रियाचा विषय ठरलेला आहे: कानाचा शब्द, डोळ्याचे रूप, नाकाचा गंध. त्यातही एका क्षणी दोन ज्ञाने उत्पन्न होत नाहीत, हेच मनाच्या अस्तित्वाचे चिन्ह आहे, असे ‘न्यायसूत्र’ पहिल्याच अध्यायात सांगते. अणुरूप मन एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. या चौकटीत ‘आवाज ऐकताना रंग दिसला’ या वाक्याला जागाच उरत नाही.

तरी नैयायिकांना एक अडचण छळत होती. दूरवरून चंदनाचे खोड पाहिले की वास नाकापर्यंत न पोहोचताही आपण ‘सुगंधी चंदन’ पाहतो. ‘सुरभि चन्दनम्’ हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. डोळ्यांनी गंध कसा पाहिला? नव्यन्यायाने, म्हणजे याच दर्शनाच्या पुढच्या काळातल्या शाखेने, उत्तर दिले की पूर्वी घेतलेल्या गंधाचे ज्ञान हेच इथे इंद्रिय आणि विषय यांना जोडणारे सूत्र होते; याला ते ज्ञानलक्षण संनिकर्ष म्हणतात आणि त्याची गणना अलौकिक प्रत्यक्षात, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या प्रकारच्या इंद्रियज्ञानात, करतात. ॲरिस्टॉटलकडेही याच्या जवळचे उदाहरण आहे: पित्त पाहताच ते पिवळे आहे आणि कडूही आहे असे कळणे. दोन्हीकडे उत्तराचा पाया आधीच्या अनुभवाचा आहे. चंदनाचा वास कधीच न घेतलेल्या माणसाला ते सुगंधी दिसणार नाही.

अक्षरवेल, तुमच्या ‘ध’ला हे उत्तर लागू पडते का? विटेवर कोरलेला ‘ध’ तुम्ही लहानपणी कधी पाहिला होता का?

अक्षरवेल (धागाकर्ती)

तर्कपाद, तुमच्या प्रतिसादाने मला दोन दिवस विचारात पाडले. नाही, असे काही आठवत नाही. आणि घरी ज्या पुस्तकातून मी अक्षरे शिकले ते एकाच काळ्या शाईत छापलेले होते. नेमका हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात युरोपात विचारला गेला, म्हणून आता तिकडे वळते, कारण माझ्या मते खरा इतिहास तिथेच सुरू होतो.

आजवर सापडलेले सिनेस्थेशियाचे सर्वांत जुने निःसंदिग्ध वर्णन १८१२ मधले आहे, आणि ते सिनेस्थेशियावरच्या लेखनात नाही. गेओर्ग टोबियास लुडविग झाक्स या तरुणाने जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठात लॅटिन भाषेत वैद्यकाचा प्रबंध सादर केला. विषय होता त्याची स्वतःची आणि त्याच्या बहिणीची वर्णहीनता, म्हणजे जन्मतः त्वचेत, केसांत आणि डोळ्यांत रंगद्रव्य नसणे. त्या प्रबंधात जाता जाता तो सांगतो की अंक, आठवड्याचे वार, अक्षरे आणि संगीतातले स्वर अशा ओळीने येणाऱ्या गोष्टींना त्याच्या मनात रंग असतात. रोमन लिपीतला ‘ए’ त्याला शेंदरी आणि ‘आय’ पांढरा वाटतो. या अनुभवाला त्याने नाव दिले नाही, कारण नाव नव्हतेच. दोन वर्षांनी, १८१४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास तो वारला. ज्याच्या अंगावर रंग नव्हता त्यानेच हे रंग पहिल्यांदा लिहून ठेवले, ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

हे वर्णन वैद्यकीय प्रबंधात आले, याचा एक परिणाम दीर्घकाळ टिकला: पुढच्या वैद्यांनी त्याच्याकडे विकार म्हणूनच पाहिले. १८४८ मध्ये एद्वार कोर्नाझ यांनी डोळ्यांच्या जन्मजात दोषांवर लिहिताना याला ‘हायपरक्रोमाटॉप्सी’ म्हटले, म्हणजे रंग अति दिसणे. रंगांधळ्या माणसाला रंग कमी दिसतात आणि याला जास्त, अशी ती मांडणी होती. दोष डोळ्यांत शोधला जात होता.

दिशा बदलली ती स्वतः रंग पाहणाऱ्या एका विद्यार्थ्यामुळे. ऑयगेन ब्लॉयलर, ज्यांनी पुढे ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडवला, ते वैद्यकाचे विद्यार्थी असताना त्यांना आवाजांबरोबर रंग जाणवत असत. कार्ल लेमान या मित्राबरोबर त्यांनी जवळजवळ ६०० लोकांना प्रश्न विचारले आणि १८८१ मध्ये निष्कर्ष छापले: साधारण आठांत एका माणसाने असा काही अनुभव सांगितला, आणि ती माणसे निरोगी होती.

त्याच सुमारास लंडनला शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन लोकांकडून पत्राने माहिती मागवत होते. १८८३ च्या त्यांच्या पुस्तकातला तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. हा गुण घराण्यात उतरतो, हे त्यांनी नोंदवले. रंग सांगताना ही माणसे केवळ ‘निळा’ म्हणून थांबत नाहीत, छटा अचूक जुळेपर्यंत त्यांचे समाधान होत नाही, हेही नोंदवले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दोन माणसांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. एकाची यादी दुसऱ्याला ऐकवली तर ऐकणारा दुखावतो, जवळजवळ रागावतो, इतके त्याला ते चुकीचे वाटते. माझ्या मते पारख इथेच आहे. शार्ङ्गदेव आणि ‘नारदीय शिक्षा’ यांचे जुळते, म्हणून ती परंपरा आहे. गाल्टन यांच्या पत्रलेखकांचे जुळत नाही, म्हणून तो अनुभव आहे.

गाल्टन यांनी आनुवंशिकतेच्या आपल्या आवडीतून जी सुप्रजननाची, म्हणजे निवडक माणसांच्या संततीतून वंश सुधारण्याची, कल्पना मांडली तिचे फार वाईट परिणाम झाले, हे मी विसरत नाही. पण या माणसांचे म्हणणे त्यांनी खरे मानून ऐकले, हेही तितकेच खरे आहे.

सांजवात

मी गेली बावीस वर्षे परदेशात राहते आणि या संकेतस्थळावर क्वचितच लिहिते. आज लिहावेसे वाटले, कारण मला वारांचे रंग दिसतात आणि हे मी मराठीत कधीच कुणाला सांगितलेले नाही.

गाल्टन यांच्यानंतर काय झाले हेही कुणी लिहावे. कवितेमुळे या विषयाला प्रसिद्धी मिळाली आणि कवितेमुळेच तो बदनाम झाला, असे मी वाचले आहे.

गोदाकाठ

सांजवात, बरोबर वाचले आहे. फ्रेंच कवी आर्थर रँबो यांनी १८७१ मध्ये स्वरांवर, म्हणजे संगीताच्या नव्हे तर वर्णमालेतल्या स्वरांवर, एक सुनीत लिहिले आणि ते १८८३ मध्ये छापून आले: ‘ए’ काळा, ‘ई’ पांढरा, ‘आय’ तांबडा, ‘यू’ हिरवा, ‘ओ’ निळा. पॅरिसमध्ये ‘रंगीत श्रवण’ हा चर्चेचा विषय झाला. गंमत म्हणजे रँबो यांनीच १८७३ मध्ये लिहून ठेवले आहे की स्वरांचे रंग मी शोधून काढले, कल्पनेने निर्माण केले. तरीही मानसशास्त्राचे अभ्यासक ती कविता पुरावा म्हणून हाती घेत होते. १८८९ मध्ये पॅरिसला भरलेल्या मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रंगीत श्रवणासाठी वेगळी समितीच नेमली गेली.

मग विरोध आला. लेखक माक्स नॉर्डाउ यांनी १८९२ च्या आपल्या अधःपातावरील ग्रंथात लिहिले की ज्ञानेंद्रियांची कामे एकमेकांत मिसळणे म्हणजे मनुष्याच्या पूर्णत्वावरून शिंपल्यातल्या मऊ प्राण्याच्या पातळीला घसरणे होय. कवींवरचा राग त्यांनी अशा अनुभवावर काढला, जो पुष्कळ साध्यासुध्या माणसांना जन्मापासून होता.

त्याच दशकात धीराने काम करणारेही होते. जिनिव्हाला तेओदोर फ्लूर्न्वा यांनी १८९३ मध्ये यावर पूर्ण ग्रंथ लिहिला, आणि अमेरिकेत वेलस्ली महाविद्यालयात मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी विद्यार्थिनींची पद्धतशीर पाहणी केली. १८९५ मधल्या त्यांच्या लेखनात ‘सिनेस्थेशिया’ हा शब्द आजच्या अर्थाने येतो. विसाव्या शतकात मात्र मानसशास्त्र बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचेच शास्त्र व्हावे असा आग्रह धरला गेला आणि ‘मला असे दिसते’ या वाक्याला पुरावा म्हणून किंमत उरली नाही. पुढची कित्येक दशके हा विषय जवळजवळ पडून राहिला.

मंद्रसप्तक

मग रशियन संगीतकार स्क्रियाबिनचे काय? ‘प्रोमेथियस’ या १९१० च्या रचनेत त्यांनी प्रकाशासाठी वेगळी स्वरलिपी लिहिली होती, आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कला ती रंगीत प्रकाशासह वाजवलीही गेली.

अक्षरवेल (धागाकर्ती)

त्यांचे रंग पंचमांच्या वर्तुळाच्या क्रमाने, म्हणजे प्रत्येक स्वरानंतर त्याचा पंचम घेत, लावून पाहा: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा. वर्णपट ओळीने उलगडतो. मंद्रसप्तक, तुम्हाला पहिल्या प्रतिसादात जो ‘रचनाकाराचा हात’ मी म्हणाले होते, तो हाच. त्यांना काहीच दिसत नव्हते असे मी म्हणत नाही. पण जे दिसले त्यावर त्यांनी व्यवस्था चढवली. आणि त्यांचा ‘दो’ तांबडा आहे, कास्तेल यांचा निळा.

तर्कपाद, तुमच्या प्रश्नाचे उत्तर १९८७ मध्ये एका साध्या प्रयोगाने काही अंशी मिळाले. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीला शंभराहून थोडे अधिक शब्द सांगून त्यांचे रंग लिहून घेतले आणि दहा आठवड्यांनी पूर्वसूचना न देता पुन्हा विचारले. तिची सगळी उत्तरे जुळली. तुलनेसाठी घेतलेल्या स्त्रीची उत्तरे दोनच आठवड्यांनी सुमारे १७ टक्के जुळली. रंग कुठून आला हे यातून कळत नाही, पण तो बनवून सांगितलेला नाही एवढे कळते.

तर्कपाद

हे मान्य. मग एक ओवी सोडवून द्या, कारण ती मला न्यायसूत्रांइतकीच महत्त्वाची वाटते. ‘संगीतरत्नाकरा’नंतर काही दशकांनी, त्याच यादवांच्या राज्यात, शके १२१२ मध्ये ज्ञानदेव सहाव्या अध्यायात लिहितात: ‘ऐका रसाळपणाचिया लोभा । कीं श्रवणींचि होती जिभा । बोलें इंद्रियां लागे कळंभा । एकमेकां ॥’ कानांनाच जिभा फुटतात आणि शब्दांमुळे इंद्रियांत आपसांत भांडण लागते. ‘सहजें शब्दु तरी विषो श्रवणाचा । परि रसना म्हणे हा रसु आमुचा ।’ जीभ म्हणते हा रस आमचा, नाकाला सुगंधाचा भास होतो, डोळ्यांना रूपाची खाण उघडल्यासारखे वाटते. हे तुमच्या पारखीत कुठे बसवायचे?

गोदाकाठ

‘सहजें शब्दु तरी विषो श्रवणाचा’ यातला ‘तरी’ पाहा. शब्द हा कानाचा विषय, हा नैयायिकांचा नियम ज्ञानदेव आधी मान्य करतात आणि मगच मोडतात. नियम ठाऊक असल्याशिवाय कळंभा, म्हणजे कलह, असा शब्द सुचत नाही. शिवाय इंद्रिये झोंबली तरी शब्द सर्वांची सारखीच समजूत घालतो, जसा एकटा सूर्य साऱ्या जगाला जागे करतो, असे ते विसाव्या ओवीत सांगतात. हा मराठी बोलाचा गौरव आहे. ‘दिसती नादींचे रंग थोडे’ या आधीच्या ओवीतले रंग हेदेखील संगीताची गोडी या अर्थाचे आहेत. ते डोळ्यांनी दिसणारे रंग म्हणून वाचू नयेत.

अक्षरवेल (धागाकर्ती)

गोदाकाठ, ही दुरुस्ती मनापासून स्वीकारते. ‘नादींचे रंग’ मी आजवर चुकीचे वाचत होते आणि त्याचा मला फार आधार वाटत होता.

सांजवात, तुमची वारांची यादी इथे लिहाल का? एवढेच करा की आत्ता लिहिलेली यादी पुन्हा उघडून पाहू नका. कार्तिकात मी तुम्हाला पुन्हा विचारीन.

सांजवात

लिहिते. सोमवार दुधाळ निळा. मंगळवार तांब्याचा, पण घासलेल्या नव्हे, काळवंडलेल्या. बुधवार कोवळ्या पालवीचा. गुरुवारला काही नाही. शुक्रवार जांभळ्याकडे झुकणारा गुलाबी. शनिवार राखाडी. रविवार पिवळा, उन्हात वाळत घातलेल्या धोतराला सायंकाळी येतो तसा.

अक्षरवेल (धागाकर्ती)

नोंदवून ठेवली. सोमवार निळा नसतो हो, सांजवात. तो शेवग्याच्या शेंगेचा हिरवा असतो. हे लिहिताना माझे मन खरोखर अस्वस्थ झाले आहे, आणि गाल्टन यांच्या पत्रलेखकांना काय वाटले असेल ते आज कळले.